चौऱ्याहत्तराव्या वर्षी टार्गेटेड गोळी: घ्यावी की थांबावं?

पत्र: मी 74 वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. जुळे सोलापुरात मी आणि माझे मिस्टर दोघेच राहतो. नऊ वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनातल्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, नंतर पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली. यंदा कंबर दुखायला लागली म्हणून तपासण्या केल्या, तर आजार मणक्यात आणि उजव्या खुब्यात उतरल्याचं निघालं. लिव्हर, फुप्फुस चांगलं आहे म्हणतात. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणारा आजार; हर-टू निगेटिव्ह, म्हणजे गाठ वाढवणारं हर-टू प्रथिन जास्त नाही. डॉक्टरांनी लेट्रोझोल ही हार्मोनविरोधी गोळी सुरू केली आणि सोबत पाल्बोसिक्लिब नावाची टार्गेटेड गोळी घ्यायला सांगितली. मला बीपी आहे, अम्लोडिपिन चालू आहे. मिस्टर 81 वर्षांचे. त्यांना विसरायला होतं. आंघोळ, औषधं, बाथरूममधून उठवणं, सगळं मीच करते. धाकट्या बहिणीची केमो मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे धास्ती बसली आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, पैशाकडे बघू नकोस, जे आहे ते सगळं करायचं. शेजारच्या म्हणतात, या वयात कशाला जिवाचे हाल. मी आडवी झाले तर ह्यांना कोण बघणार? गोळी नाही घेतली तर मी लवकर जाईन का? आणि घेऊन मध्येच सोडली तर चालतं का?

उत्तर: बाई, गोळीकडे मी नंतर येते. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मला आधी थांबवलं. मिस्टरांना बाथरूममधून तुम्ही उठवता. मणक्यात आणि खुब्यात आजार असताना माणसाचं वजन उचलणं आजपासून बंद करा. तिथलं हाड आतून पोकळ झालं असेल तर एका झटक्यात मोडू शकतं, आणि खुबा मोडला तर कुठल्या गोळीचा दुष्परिणाम सोसावा हा प्रश्नच मागे पडेल. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझ्या खुब्याचं आणि मणक्याचं हाड भार घेण्याइतकं मजबूत आहे का? तिथे रेडिएशन द्यायला हवं का?’ दुखऱ्या हाडाला कित्येकदा एकाच बैठकीत रेडिएशन देता येतं आणि त्याने दुखणं उतरतं. आणखी एक सांगून ठेवते. पाय अचानक लटपटायला लागले, बधिर झाले, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

मी वृद्धांना तपासणारी फिजिशियन आहे, कर्करोगतज्ज्ञ नाही. तुमचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत. औषध लिहून देणारे तुमचे डॉक्टरच. पण त्यांच्यासमोर बसून काय विचारायचं आणि घरी बसून काय तोलायचं, ते मी मनापासून सांगू शकते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या, म्हणजे छातीवरचा अर्धा दगड उतरेल. हो, ही गोळी थांबवता येते. ती मुळातच थांबून थांबून घ्यायची असते: 21 दिवस रोज एक, मग 7 दिवस सुट्टी. नेहमीची मात्रा 125 मिलिग्रॅम. झेपलं नाही तर 100 वर आणतात, तरी झेपलं नाही तर 75 वर. त्याहून पुढे बंद करतात. अचानक बंद केल्याने शरीरात काही उलटत नाही. म्हणजे आज ‘हो’ म्हटलंत तर तो जन्माचा करार होत नाही, आणि आज ‘थांबते’ म्हटलंत तर दारही बंद होत नाही. फक्त गुपचूप सोडू नका. पुष्कळ आज्या डॉक्टर रागावतील म्हणून गोळ्या डब्यात तशाच ठेवतात आणि तपासणीला जाऊन ‘घेते की’ म्हणतात. मग डॉक्टरांना वाटतं औषध निकामी ठरलं, आणि ते आणखी जड औषधाकडे वळतात.

बहिणीची केमो डोळ्यांपुढून हलत नसेल, हे मी समजू शकते. पण हे औषध त्या जातीचं नाही. पेशी दुभंगण्याआधी तिच्यात सीडीके-4 आणि सीडीके-6 अशी दोन प्रथिनं काम करतात. ही गोळी त्यांना अडवते, म्हणून पेशीची वाढ जागच्या जागी थबकते. तोच परिणाम हाडातल्या मगजावरही होतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. केमोत त्या पेशी मरतात. इथे त्यांचं उत्पादन मंदावतं आणि सुट्टीच्या आठवड्यात पुन्हा सुरू होतं. म्हणूनच लॅबचा कागद बघून घाबरायला होतं, पण तितकं घडत नाही. या गोळीच्या मोठ्या चाचणीत दर तिघींपैकी जवळजवळ दोघींच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेल्या, तरी पेशी कमी होऊन ताप येण्याची वेळ शंभरातल्या दोघींवरही आली नाही. केस विरळ होतात, पण बहिणीसारखं टक्कल सहसा पडत नाही. मळमळ होते, पण बादली जवळ ठेवून झोपावं लागेल अशी क्वचितच.

मग उरतो थकवा. आणि तुमच्या बाबतीत माझ्या मते सगळा निर्णय याच्याभोवती फिरतो.

वैद्यकीय कागदावर थकवा ‘मध्यम’ म्हणून एका ओळीत संपतो. तिशी-चाळिशीतली बाई असेल तर ऑफिसातून रजा काढते, दुपारी झोपते, चाललं. तुमच्या घरात त्याच मध्यम थकव्याचा अर्थ वेगळा होतो. सकाळी मिस्टरांचं तोंड धुणं, चहा, गोळ्या, आंघोळ. पाणी काही दिवसांआड येतं तेव्हा ते कोणत्याही वेळी उठून भरणं. मग स्वयंपाक. संध्याकाळ झाली की ते घराबाहेर निघून जाऊ नयेत म्हणून दाराकडे लक्ष. यातलं एक काम जरी निसटलं तरी त्यांचा दिवस कोसळतो. दुष्परिणामांची यादी वाचताना प्रत्येकीने स्वतःच्या दिवसाला ती लावून बघावी. तुम्हाला केस गेले तरी चालतील, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. हातातलं बळ गेलेलं चालणार नाही. हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं, कारण ते त्यांच्या फाइलमध्ये नसतं.

आता ‘लवकर जाईन का?’ तुम्ही मुलांना गणित शिकवलं असेल, म्हणून आकडे देतेच. नुसतं लेट्रोझोल घेणाऱ्या निम्म्या स्त्रियांचा आजार सुमारे 14.5 महिने पुढे सरकला नाही. सोबत पाल्बोसिक्लिब घेणाऱ्यांत तोच काळ 24.8 महिने होता. हा फरक मोठा आहे, त्याला कमी लेखू नका. हाडातला आजार दहा महिने जास्त शांत राहणं म्हणजे दहा महिने कमी दुखणं. पण एकूण आयुष्य किती वाढलं हे त्याच चाचणीत शेवटी मोजलं, तेव्हा खात्रीने सांगण्याजोगा फरक निघाला नाही. याच कुळातल्या रायबोसिक्लिब या दुसऱ्या गोळीत मात्र आयुष्यातलाच फरक दिसला: निम्म्या स्त्रिया 51.4 महिन्यांऐवजी 63.9 महिने जगल्या. पण तिच्यासाठी हृदयाचा ईसीजी वारंवार काढावा लागतो, लिव्हर तपासावं लागतं, आणि तुमच्या अम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण तिच्यामुळे चढू शकतं. मग पाय सुजतात, बीपी उतरतं, उठताना चक्कर येते. मळमळीसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी डोम्पेरिडोन तिच्यासोबत टाळावी लागते. तिसरी ॲबेमासिक्लिब. तिने जुलाब होतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 वर असताना चौऱ्याहत्तरीतल्या बाईला जुलाब लागणं मला अजिबात नको वाटतं.

आणि एक तिसरी वाट आहे, जिच्याबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. कदाचित तुम्हाला कुणी बोललं नसेल. नेदरलँड्समध्ये 1050 स्त्रियांवर एक चाचणी झाली, ‘सोनिया’ नावाची. तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांनी ही टार्गेटेड गोळी सुरुवातीलाच घेतली. उरलेल्या निम्म्यांनी आधी नुसती हार्मोनविरोधी गोळी घेतली आणि आजार पुढे सरकल्यावर दुसऱ्या टप्प्यात टार्गेटेड गोळी जोडली. त्यांतल्या बहुतेकींची गोळी तुम्हाला सांगितलेली पाल्बोसिक्लिबच होती. दोन्ही गटांचं आयुष्य जवळजवळ सारखंच निघालं. सुरुवातीपासून घेणाऱ्यांना मात्र ती कित्येक महिने जास्त घ्यावी लागली आणि तीव्र दुष्परिणामही जास्त सोसावे लागले.

हे वाचून लगेच गोळी रद्द करू नका. आजार लिव्हरमध्ये असता, झपाट्याने वाढत असता, तर थांबण्याचा सल्ला मी दिला नसता. पण तुमचा आजार ऑपरेशननंतर नऊ वर्षांनी परतला, फक्त हाडात आहे, लिव्हर-फुप्फुस मोकळं आहे. अशा वेळी ‘आधी नुसतं लेट्रोझोल, तीन महिन्यांनी स्कॅन, मग बघू’ असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुमचं घर, तुमचं वय आणि तुमची भीती एकत्र ठेवून बघते तेव्हा मला स्वतःला हीच वाट जास्त पटते. डॉक्टरांनी स्कॅन दाखवून ‘नाही, थांबणं धोक्याचं आहे’ म्हटलं, तर त्यांचं ऐका, आणि मग मात्रा 100 पासून सुरू करता येईल का ते विचारा. सत्तरीच्या पुढच्यांना काही डॉक्टर तशीच सुरुवात करतात.

‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्या शेजारणींचं मात्र मला पटत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांच्या चाचण्यांतल्या वयस्क स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली. पंचाहत्तरीच्या पुढच्या स्त्रियांनाही आजार आटोक्यात राहण्याचा फायदा मिळत होता. जास्त काय होतं, तर त्रास आणि मात्रा कमी करावी लागण्याचं प्रमाण. म्हणून नुसतं वय बघून नाही म्हणणं चूक, आणि वय न बघता पूर्ण मात्रा देणंही चूक.

बघायचं काय, तर वयाच्या आकड्याआड दडलेलं शरीर. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, चालण्याचा वेग किती, सहा महिन्यांत वजन किती उतरलं, रोज किती गोळ्या पोटात जातात, मन उदास आहे का, घरात मदतीला कोण. याला वृद्धांचं सर्वांगीण मूल्यमापन म्हणतात. अमेरिकेत 70 वर्षांवरच्या 718 कर्करुग्णांवर झालेल्या एका चाचणीत डॉक्टरांच्या हाती उपचाराआधी अशी माहिती दिली गेली, तेव्हा तीव्र दुष्परिणाम होणाऱ्यांचं प्रमाण 71 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर आलं, आणि आयुष्य त्यामुळे घटलं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध रुग्णांसाठी असं वेगळं काम चालतं. पण एवढ्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे अर्धा तास मागून घ्या, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि हे तपासून तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना चिठ्ठी द्यायला सांगा. दुसरं मत हवं असेल तर जिल्ह्यातच, बार्शीत, नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे 1987 मध्ये सुरू झाली. खेड्यापाड्यातल्या बायकांचे आजार आणि त्यांच्या घरच्या अडचणी तिथे अनेक वर्षं पाहिल्या गेल्या आहेत.

गोळी सुरू झालीच, तर काही गोष्टी घरात पक्क्या ठरवून ठेवा. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, पुढे दर महिन्याला. ताप 100.4 च्या वर गेला की क्रोसिन घेऊन पडून राहायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. उन्हाळ्यात अंग तापलंय की ताप आहे हे हाताने कळत नाही, म्हणून थर्मामीटर उशाशी ठेवा. साठवलेलं पाणी उकळून प्या. एका पायाला सूज आली, दम लागायला लागला, कोरडा खोकला थांबेना, तर तेही लगेच कळवायचं. गजकर्णावर आपल्याकडे इट्राकोनॅझोल सहज मिळते. तिच्याने या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. कुणी काढा, चूर्ण आणून दिलं तर प्रेमाने ठेवून घ्या, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. तोंड आलं तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाजूला ठेवून दूधभाकरी कुस्करून खा.

हाडं बळकट करण्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सांगतील, तर त्याआधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. हलणारा दात काढायचा असेल तर आधी काढा, कारण इंजेक्शननंतर जबड्याची जखम भरायला अवघड जाऊ शकते.

खर्चाचं थोडक्यात. पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं, आता ती भारतीय कंपन्या बनवतात आणि किंमत पूर्वीपेक्षा खूप खाली आली आहे. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. तुम्ही आणि मिस्टर दोघेही पात्र आहात. त्यातून नेमकं काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि मुलगा. तो ‘सगळं करायचं’ म्हणतो ते आईवरच्या मायेपोटी, त्याच्या आवाजातली धडपड मला तुमच्या दोन ओळींतून ऐकू आली. पण त्याला पैशाव्यतिरिक्त काय करता येईल, ते तुम्ही सांगितलेलं नाही, असं मला वाटतं. सांगा. गोळीच्या तिसऱ्या आठवड्यात पेशी खाली असतात आणि पुष्कळ जणींना थकवाही तेव्हाच जास्त जाणवतो. त्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली तर तो रात्री घरी पोचतो. दोन दिवस वडिलांना त्याने सांभाळावं आणि तुम्ही झोपावं. रोज सकाळी वडिलांची आंघोळ घालायला एक मदतनीस ठेवावा, त्याचा पगार त्याने द्यावा. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांड्या बसवून घ्याव्यात. हे गोळी सुरू करण्याआधी व्हायला हवं, आणि गोळी न घेण्याचं ठरलं तरीही व्हायलाच हवं.

पुढच्या भेटीला त्याला सोबत न्या, पण बोला तुम्ही. ‘मला माझ्या घरात, माझ्या पायावर, ह्यांना सांभाळत राहायचं आहे. जास्तीत जास्त दिवस तसे मिळतील असा उपचार सांगा,’ एवढं डॉक्टरांसमोर, मुलाच्या देखत म्हणा. मग विचारा: आधी नुसतं लेट्रोझोल चालेल का? नाही तर का नाही? गोळी द्यायची तर कमी मात्रेने सुरू करू का? तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये काय दिसलं तर पुढे जायचं, आणि मला किती त्रास झाला तर थांबायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि मुलाच्या फोनमध्येही त्याचा फोटो ठेवा.

मिस्टरांच्या विसरण्याची तपासणी कधी झाली हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर त्याच आठवड्यात त्यांचीही वेळ घ्या.